हिरवा दिवा

पहिला

सुलेमानला पहिली किळस आली ती ट्रेलर बघून.

राजिवड्याच्या खाडीकाठी धोंडूची वेल्डिंगची शेड आहे. तिच्यासमोर तो ट्रेलर उभा होता, म्हणजे ट्रेलर म्हणायचं तर. भंगारातल्या जीपचा मागचा आस, त्यावर दोन लांब लोखंडी चॅनेल, चॅनेलवर जुन्या टायरचे पट्टे ठोकून केलेली गादी. एक चाक नवं, दुसरं गुळगुळीत. वेल्डिंगच्या जोडांवर वारुळासारखे गोळे. आणि या सगळ्यावर सुंभानं आवळून बांधलेली बावीस फुटी फायबरची होडी. पांढरीशुभ्र, निळ्या पट्ट्याची. नवरीला शेणाच्या ढिगावर बसवावं तशी.

"ब्रेक कुठे आहेत?" सुलेमाननं विचारलं.

"गाडीला हायत ना," धोंडू म्हणाला.

"ट्रेलरचे विचारतोय."

"सुलेमानभाय, ट्रेलरला इंजिन नाय. जो स्वतः पळत नाय त्याला थांबवायचा कशाला?"

बाजूला उभा असलेला अझीम खो खो हसला आणि हसता हसता पानाची पिंक खाडीत टाकली. अझीम म्हणजे सुलेमानचा मेहुणा, खतिजाचा धाकटा भाऊ. होडी ओढून नेणारी पिकअप त्याची.

"कुवेतात..." सुलेमाननं सुरुवात केली. अझीमनं धोंडूकडे बघून डोळा मारला. जूनपासून हा शब्द ऐकून मोहल्ल्यातल्या कोंबड्यासुद्धा उठून जायला लागल्या होत्या.

सुलेमान सांगतच राहिला. तिथल्या मालकाची, शेखची, अमेरिकन पिकअप. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला गिअरची दांडी, दांडीच्या टोकाला बटण. मागे बोट जोडली की अंगठ्यानं बटण दाबायचं. समोर दिवा लागतो. मग गाडीलाच कळतं की आपल्या मागे ओझं आहे. चढावर उगाच गिअर बदलत बसत नाही. उतारावर आपणहून खालचा गिअर घेते, इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेकवर नुसता पाय ठेवायचा, दाबायचासुद्धा नाही.

"झ्याक हाय," धोंडू म्हणाला. "नि घाट केवढा हो कुवेतात?"

"आहेत," सुलेमान म्हणाला. "मोठे आहेत."

अठरा वर्षं परदेशात काढून २००३ च्या जूनमध्ये तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दाखवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक ही होडी. दिवाळीपासून ती गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणार होती. आणि दुसरं, ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव. शेखची बोट अठरा वर्षं ओढली, एक ओरखडा नाही, हे त्यानं प्रत्येक पत्रात लिहिलं होतं आणि खतिजानं ते प्रत्येक घरात वाचून दाखवलं होतं. ते नाव टिकलं तर पन्नाशीतही तो कोणीतरी होता. गेलं, की आखातातून परतून ओट्यावर बसून दिवस मोजणाऱ्या दहा-बारा जणांत एकाची भर.

होडीचं इंजिन गणपतीपुळ्यात बसायचं होतं आणि सप्टेंबरातल्या समुद्राचा भरवसा नव्हता. म्हणून रस्ता.

दुसरा

दुसरी किळस गाडीची. गाडीत बसल्यावर.

मोसमाप्रमाणे अझीम या गाडीतून बर्फ, मासळी, आंब्याच्या पेट्या, शेणखत आणि गणपतीच्या मूर्ती वाहत असे, आणि या पाचांचा वास एकमेकांत मिसळून सीटच्या फाटक्या रेक्झिनमध्ये कायमचा राहायला आला होता. दाराच्या बाहेरून पानाचे लाल ओघळ. काच खाली करायला पक्कड. पायाखाली पत्र्याला भोक, भोकातून रस्ता पळताना दिसे. गिअरच्या दांडीवर काचेचा गोळा, गोळ्यात प्लॅस्टिकचा विंचू.

"हे काय आहे?"

"शोभेला," अझीम म्हणाला. "नजर लागत नाय."

खतिजा निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आली होती. होडीच्या नाळेवरून, पुढच्या टोकावरून, तिनं हात फिरवला. मग भावाला म्हणाली, "अझीम, हे सांगतील तसाच चालव. तुझं डोकं चालवू नको. यांच्या हातून आजवर साधं खरचटलं नाही कुणाला."

"होय आपा."

"आणि थुंकू नको."

"ह्या मातर जास्त झाला आपा," अझीम म्हणाला आणि गाडी सुरू केली.

सुलेमाननं स्वतः का नाही घेतली? कारण त्याचं इथलं लायसन केव्हाच संपलं होतं. नवं काढायला तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा रांगेतल्या माणसांचे वास, भिंतीचे कोपरे आणि कारकुनाची नखं बघून परत आला.

तिसरा

हातखंबा गेलं, निवळी गेली. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागल्यावर सडा सुरू झाला. दोन्हीकडे काळा कातळ, त्यावर पावसाळ्याचं उरलंसुरलं हिरवं, मध्ये अरुंद डांबर. ट्रेलर मागून कण्हत होता. सुलेमान दर मिनिटाला मागे वळून होडीकडे बघे.

जाकादेवीच्या अलीकडे रस्ता उतरायला लागला, तसं अझीमनं सवयीनं एक काम केलं. क्लच दाबून विंचवाला मधोमध आणला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम शांतता. नुसता टायरचा आवाज, सुंभाची करकर आणि भोकातून येणारा वारा. गाडी वेग घ्यायला लागली.

"काय केलंस?"

"उतार हाय. फुकटचा जातो. चार थेंब डिझेल वाचतं."

"मागे होडी आहे!"

"होडी ढकलतेय ना, मग अजून बरा."

"चालू कर! चालू कर, गाढवा!"

अझीमनं मान हलवली, किल्ली फिरवली, तिसऱ्यात टाकली, क्लच हळूच सोडला. गाडी घुरघुरली आणि आवरली. त्यानं ते इतकं सहज केलं की सुलेमानच्या ते लक्षातच आलं नाही. त्याच्या मनात फक्त संताप होता. त्यानं हे सगळीकडे पाहिलं होतं. एसटीवाले, ट्रकवाले, रिक्षावाले, उतार दिसला की सगळे न्यूट्रल, सगळे इंजिन बंद, आणि वर शहाणपणा की फुकटचा जातो. असल्या चार थेंबांसाठी माणसं दरीत जातात. हा देश म्हणजे उताराला लागलेली बंद इंजिनाची गाडी आहे, असं तो मनातल्या मनात शेखला अरबीत सांगू लागला.

"थांबव. बाजूला घे."

"कशाला?"

"उतर. मी चालवतो."

"दुल्हाभाई, लायसन..."

"लायसन तुझ्याकडे आहे ना? मग काय उपयोग झाला त्याचा? उतर म्हटलं ना."

अझीम उतरला. फेरी मारून डाव्या दारानं चढला. सीटवर त्याच्या जागी ओलसर, ऊबदार खळगा पडला होता, त्यात सुलेमान बसला. ती ऊब पँटमधून अंगाला लागली तेव्हा तो सीटच्या पुढच्या कडेला सरकला.

"गिअर जरा घट्ट हाय," अझीम म्हणाला. "नि ब्रेक दोनदा मारला की..."

"मला शिकवू नको."

आणि खरंच, सपाटीवर त्यानं गाडी सुरेख चालवली. खड्डे चुकवले, बैलगाडीला जागा दिली, चाफे गावच्या बाजारात हॉर्न न वाजवता वाट काढली. सुलेमानला तीन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

चौथा

सड्याच्या कडेवरून समुद्र दिसतो. तिथून रस्ता खाली पडतो. वळण, मग दुसरं वळण, मग लांबच लांब उतार, तळाशी मोरी, मोरीपलीकडे नारळाची बाग आणि तिच्याभोवती चिऱ्यांचा गडगा. रिमझिम होऊन गेली होती. डांबरावर काजूची पानं चिकटली होती.

सुलेमान कडेवरून खाली उतरला तो चौथ्या गिअरमध्ये.

पहिलं वळण. मागून ढकलल्यासारखं झालं. होडी करकरली. त्यानं ब्रेक दाबला, सोडला, दाबला, दाबूनच ठेवला.

"दुसरा घ्या," अझीम म्हणाला.

दुसरं वळण. जळक्या ब्रेक लायनरचा वास.

"दुल्हाभाई, दुसरा."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी सुलेमाननं कुणालाच सांगितली नव्हती. कुवेत सपाट आहे. तव्यासारखं. अठरा वर्षांत त्याच्या वाट्याला एकच उतार आला होता. बोट पाण्यात सोडायचा सिमेंटचा धक्का, वीस पावलांचा. तिथं तो शेखसमोर ऐटीत बटण दाबी. दिवा लागे. शेख मान डोलवी. ते बटण दाबलं काय आणि न दाबलं काय, वीस पावलांत काहीच फरक पडत नसे.

पण अंगठ्याला हे माहीत नव्हतं.

लांब उतार सुरू झाला आणि सुलेमानचा उजवा हात स्टिअरिंग सोडून आपणहून उजवीकडे गेला. तिथं एक दांडी होती. दांडीला टोक होतं. अंगठ्यानं ते दाबलं.

समोर हिरवा दिवा लागला.

एक.

दिवा लागला, म्हणजे गाडीला कळलं. आता ती धरेल. सुलेमाननं ब्रेकवरचा पाय चक्क सैल सोडला.

दोन.

दिवा विझला. लागला. विझला. टिक. टिक. टिक.

तो उजवीकडे वळण्याचा सिग्नल होता.

तीन. काटा साठाच्या पुढे. ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. आरशात पांढरी नाळ डावीकडे आली, मग उजवीकडे. सुलेमाननं दोन्ही पाय एकदम खाली रेटले. अठरा वर्षं ज्या डाव्या पायाला काम नव्हतं त्यालाही आज जोर आला. त्या पायाखाली क्लच होता. इंजिनाचा आवाज मेला. जी काही ओढ उरली होती ती सुटली. न्यूट्रल टाकणाऱ्यांची ज्याला शिसारी होती त्यानं स्वतःच्या पायानं गाडी मोकळी सोडली. दुसऱ्या पायाखालचा ब्रेक लोण्यासारखा तळाला गेला.

"पाय काढा! डावा पाय काढा!"

पाय निघेना. अझीमनं वाकून त्याच्या गुडघ्यावर गुद्दा हाणला, डाव्या हातानं हँडब्रेक खेचला, उजव्यानं विंचू पकडला आणि कडाकड आवाज करत दात मोडल्यासारखा तिसरा घातला. मग दुसरा. इंजिन किंचाळलं. गाडी आतून कुणी केस धरून ओढावेत तशी मागे ओढली गेली. मोरी गेली. गडगा आला.

पाचवा

या गाडीला नव्हता.

न्यूट्रल

चिरे गडगडत खाली आले. मग काहीच नाही. बोनेटमधून वाफ, आणि सिग्नल, अजूनही उजवीकडे. टिक. टिक.

दोघंही जिवंत होते. अझीमच्या कपाळाला खोक पडली होती, पान गिळलं गेलं होतं. सुलेमानचं दार गडग्याला दाबून बसलं होतं, म्हणून तोही डाव्या दारानंच अझीमच्या मागून सरपटत बाहेर आला.

होडी सुंभ तोडून पुढे आली होती. नाळ केबिनच्या पाठीत घुसली होती. तिथून मधल्या फळीपर्यंत फायबर उभं चिरलं होतं आणि चिरीतून आतले पिवळट धागे बाहेर आले होते. सुलेमाननं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बागेतून माणसं धावत आली. त्यांच्यामागून स्कूटरवर चिंतामणी आला. गणपतीपुळ्यात त्याचं लॉज होतं आणि होडी त्याच्या माडांखाली उभी राहायची होती. त्यानं होडी पाहिली, उतार पाहिला, मग सरळ अझीमकडे गेला.

"पुन्हा न्यूट्रल टाकलंस ना? किती वेळा सांगितलं तुला? सगळ्या तालुक्याला माहीत आहे तुझी खोड!"

अझीमनं कपाळावरचं रक्त बाहीला पुसलं. सुलेमानकडे बघितलं नाही.

"टाकला," तो म्हणाला. "सवय, काका."

"सवय! या माणसाची अठरा वर्षांची कमाई आहे ती. सवय म्हणे!"

माणसं हळहळली. एकानं सुलेमानच्या खांद्यावर हात ठेवला, एकानं पाण्याचा तांब्या आणून दिला. "भाय, तुम्ही चालवायला हवी होती हो," कुणीतरी म्हणालं. सुलेमान पाणी प्यायला. ते गार होतं, चांगलं होतं, आणि घशाखाली उतरताना त्याला ओकारी येत होती.

चिंतामणी हवालदाराला फोन करायला गेला तेव्हा अझीम जवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचा लायसन नाय. केस व्हईल. गप ऱ्हावा. माझा काय, मला शिव्या ऐकायची सवय हाय."

त्याच्या तोंडाला पानाचा वास येत होता. सुलेमान एक पाऊल मागे सरकला. मग त्याला दिसलं, की अझीमच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून निळी पडली होती आणि विंचवाच्या गोळ्याची काच तळव्यात रुतली होती. या हातानं दुसरा घातला होता.

"आभारी..." असं काहीसं सुलेमानला म्हणायचं होतं. निघालं ते वेगळंच.

"ब्रेक खराब होते तुझे," तो म्हणाला.

अझीमनं क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग बाजूला थुंकला. लाल नव्हतं, पांढरं होतं.

रिव्हर्स

घरी पोचेपर्यंत बातमी पोचली होती. खतिजा ओट्यावर उभी होती. नवऱ्याला तिनं हात धरून आत घेतलं आणि भावाला अंगणातच थांबवलं.

"चार थेंब डिझेल! हा माणूस परक्या मुलखात राबला, नि तुला चार थेंब जड झाले? या उंबऱ्यात पाय ठेवू नको, अझीम. अम्मा नाही म्हणून मी तुला जेवू घालते. आजपासून तेही नाही."

"होय आपा."

"होय आपा, होय आपा! सकाळीही हेच म्हणालास!"

अझीमनं आतल्या अंधारात खुर्चीवर बसलेल्या सुलेमानकडे एकदा बघितलं. वाट बघितल्यासारखं. इथं हवालदार नव्हता. चिंतामणी नव्हता. बहीण होती आणि तिचा नवरा होता, आणि बोलायचं ते एक वाक्य. सुलेमान बुटांच्या नाड्या सोडत होता. एका बुटाची सुटली तरी सोडतच होता. अझीम वळला आणि रस्त्याकडेच्या पायरीवर जाऊन बसला.

उद्या सांगू, सुलेमाननं ठरवलं. केस मिटली की. लायसन काढलं की.

खतिजानं वाटीत खोबरेल कोमट केलं, त्यात हळद घातली. "शर्ट काढा. चोळते."

"काही लागलं नाही मला."

"श्वास घेताना आवाज येतोय तुमचा. काढा."

त्यानं बटणं सोडली. स्वतःच्या छातीकडे त्यानंही अजून बघितलं नव्हतं. दोघांनी एकदमच पाहिलं. गळ्याच्या हाडाखालून बरगड्यांपर्यंत, अंगठ्याइतकी रुंद, जांभळी, कंपासनं काढल्यासारखी अर्धवर्तुळाकार रेघ. आणि तिच्या मधोमध, छातीच्या हाडावर, रुपयाएवढा गोल. हॉर्नचा.

खतिजानं तेलाचं बोट त्या रेघेवर ठेवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच फिरवलं. मग थांबली.

"हे डावीकडे बसून कसं उमटलं?"

बाहेर पायरीवर अझीम कुणालातरी म्हणत होता, नाय रे, माझीच चूक.

"लायसन..." सुलेमान म्हणाला. "पोलीस केस..."

"मी पोलीस आहे?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती नजर त्यानं ओळखली. तीन महिने तो याच नजरेनं बघत आला होता. दारावरच्या लाल ओघळांकडे, कारकुनाच्या नखांकडे, धोंडूच्या वेल्डिंगकडे. समोरून ती कशी दिसते हे त्याला आज कळलं.

खतिजानं बोट पदराला पुसलं. नीट, दोनदा. वाटी त्याच्या मांडीजवळ सरकवली.

"स्वतः लावा."

मग ती दारात गेली. "अझीम," ती म्हणाली. "आत ये. हात बघू तुझा."

"राहू दे आपा, बरा हाय."

"ये म्हटलं ना. भाकरी निवते."

चपला काढल्याचा आवाज आला. सुलेमाननं अंगठा तेलात बुडवला, तोच उजवा, आणि छातीवरच्या गोलावर ठेवून दाबला. दुखलं. त्यानं पुन्हा दाबलं. अझीम आत आला, त्याच्याकडे न बघता बाजूला पाटावर बसला आणि खतिजा तळव्यातली काच काढत असताना म्हणाला, "ब्रेक पण खराब व्हते हां, आपा. त्यांचा एकट्याचा दोष नाय."

सुलेमान उठला. मोरीपर्यंत कसाबसा पोचला आणि भिंतीला धरून ओकला. बाहेर पडलं ते नुसतं पाणी, बागेतल्या माणसांनी पाजलेलं.